मोटारसायकलीच्या प्लास्टिकवरील जुना रंग

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यांत दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक वस्तु घेऊन प्रयोगशाळेंत आला. त्याच्या वडील बंधूंच्या मोटारसायकलीचें तें बाजूचें झांकण होतें. पेट्रोलच्या टाकीवर पूर्वीं कोणी डब्यांतील फवाऱ्याचा रंग मारला होता. तो त्यानें थिनरच्या बोळ्यानें पुसून काढला, व तें काम उत्तम साधलें म्हणून तोच बोळा या झांकणावर फिरविला. प्रथम रंग सुटला. मग बोळ्यास काळा चिकट लेप येऊं लागला. वाळल्यावर पृष्ठभाग पांढुरका व खरबरीत झाला. आणि झांकण बसवून स्क्रू आवळतांच भोकाभोंवतीं तडा गेला. “सर, टाकीच्या पत्र्याला कांहीं झालें नाहीं, मग ह्यालाच कां झालें?” असा त्याचा प्रश्न होता. त्याचें उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत देतां आलें नाहीं, म्हणून हा लेख.

पत्रा आणि रंग हे जातीनेंच भिन्न पदार्थ आहेत. पत्रा हें लोखंड. रंग म्हणजे राळेंत कालविलेली भुकटी. थिनरमध्यें टोल्यूइन, ॲसिटोन वगैरे जीं द्रावकें असतात, तीं राळेच्या लांबलांब रेणूंमध्यें शिरून त्यांस फुगवितात व सुटे करितात. लोखंडाच्या अंगीं त्यांस वाट मिळत नाहीं. प्लास्टिकची गोष्ट निराळी. तेंहि लांब रेणूंचेंच बनलेलें, म्हणजे रंगाचें सोयरेंच होय. ज्या द्रवास रंग विरघळवितां येतो, त्यास रंग कोठें संपला व प्लास्टिक कोठें सुरू झालें हें ओळखण्याचें कांहीं साधन नसतें.

सर्व प्लास्टिकें मात्र एकसारखीं नसतात. बेकलंड यांनीं १९०७ सालीं शोधून काढलेलें बेकेलाइट एकदां घट्ट झाल्यावर पुन्हां वितळत नाहीं. गाडीचीं झांकणें, दिव्यावरील डूम वगैरे बहुधा ज्या प्लास्टिकचे असतात, तें एबीएस. तें १९५४ सालीं बाजारांत आलें. ॲक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाइन व स्टायरीन या तीन द्रव्यांपासून तें होतें. त्यांतील ब्यूटाडाइनच्या रबरासारख्या सूक्ष्म कणांमुळें तें धक्का सोसतें; परंतु स्टायरीनच्या अंशामुळें ॲसिटोन व थिनर यांपुढें तें टिकत नाहीं.

तडा कां गेला, याचें कारण आणखी खोल आहे. असे भाग करितांना तापलेला रस दाबानें सांच्यांत भरून तो लवकर थंड करितात. त्यामुळें भागाच्या अंगांत, विशेषतः कोपऱ्यांत व स्क्रूच्या भोकांजवळ, ताण अडकून राहतो. एरव्हीं तो वर्षानुवर्षें तसाच निजून असतो. द्रावकाचा स्पर्श झाला म्हणजे रेणूंची परस्परांवरील पकड ढिली होते व तो ताण भेगेच्या रूपानें मोकळा होतो. कित्येकदां भेग त्या दिवशीं दिसत नाहीं. नवा रंग देऊन, झांकण बसवून, गाडी खडबडीत रस्त्यावर फिरूं लागल्यावर ती प्रगट होते, आणि मग दोष रंगाऱ्याच्या माथीं येतो.

म्हणून पहिलें काम रंग काढण्याचें नव्हे, तर प्लास्टिक ओळखण्याचें. भाग उलटा करून पाहिल्यास आंतल्या बाजूस बहुधा रोमन अक्षरांत खूण उठविलेली असते: एबीएस, पीपी किंवा पीसी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन व पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. खूण सांपडली नाहीं तर आंतल्या कडेचा नखाएवढा कपचा काढून साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यांत टाकावा. एबीएसची घनता सुमारें १.०५ आहे, म्हणून तें बुडतें, पॉलिप्रॉपिलीनची ०.९० च्या आसपास, म्हणून तें तरंगतें. त्यांत खनिजाची भुकटी मिसळलेली असल्यास मात्र ही परीक्षा फसते. वर्गांत हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. चिखलरक्षक पुष्कळदां पॉलिप्रॉपिलीनचे असतात, व त्यांची गंमत अशी कीं, त्यांवर ॲसिटोनचा परिणाम जवळजवळ होत नाहीं, परंतु ज्या गुणामुळें तीं द्रावकास जुमानीत नाहींत त्याच गुणामुळें नवा रंगहि त्यांस धरीत नाहीं. त्यांस पकड वाढविणारें खास अस्तर आधीं द्यावें लागतें.

आतां प्रत्यक्ष कृति. माझ्या मतें विद्यार्थ्यानें पाणी, पॉलिश-पेपर व सबूरी यांपलीकडे सहसा जाऊं नये. भाग गाडीवरून काढून साबणाच्या पाण्यानें दोनदां धुवावा. गाडी चमकविण्याच्या मेणांत सिलिकोन असतें. तें न धुतां घासलें तर ओरखड्यांत जाऊन बसतें, व त्या जागीं नवा रंग मागें सरून गोल गोल खळगे पडतात. मग ३२० क्रमांकाचा पाण्याचा पॉलिश-पेपर रबराच्या ठोकळ्यास गुंडाळून, भाग सतत ओला ठेवून, हलक्या हातानें घासावा. नुसत्या बोटांनीं घासल्यास बोटांखालीं चर पडतात, ते रंग दिल्यावर उन्हांत स्पष्ट दिसतात. विजेचें घासणयंत्र तर लावूंच नये, कारण घर्षणाच्या उष्णतेनें प्लास्टिक मऊ होऊन कागदास चिकटतें. प्लास्टिक दिसूं लागलें कीं त्या जागीं थांबावें. पुढें ४०० व शेवटीं ६०० क्रमांकाचा कागद वापरावा. एका झांकणास मला अडीच तास लागले. पाण्यामुळें धूळहि उडत नाहीं, आणि हें महत्त्वाचें आहे, कारण जुन्या पिवळ्या व तांबड्या रंगांत शिशाचा अंश असूं शकतो.

सर्व रंग काढलाच पाहिजे, ही समजूत मात्र बरोबर नाहीं. घट्ट बसलेला जुना रंग हेंच नव्या रंगाचें उत्तम अस्तर होय. तो घट्ट आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ब्लेडनें उभ्याआडव्या बारीक रेघा मारून त्यांवर चिकटपट्टी दाबावी व झटक्यानें ओढावी. चौकोन जागच्या जागीं राहिले तर तो थर केवळ खरबरीत करून ठेवावा. पट्टीबरोबर पोपडे आले तर मात्र तो समूळ काढणें प्राप्त आहे. जुन्या वस्त्रास नव्या कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, असा जो दृष्टांत शुभवर्तमानांत आहे, त्याची येथें मला नेहमीं आठवण होते: नवा रंग वाळतांना आकसतो व खालच्या सैल थरास ओढून उचलतो.

फवाऱ्याच्या रंगाचे हट्टी डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानें कधीं कधीं मऊ होतात. तेंहि आंतल्या बाजूस तपासून, थोडें थोडें व ज्योतीपासून दूर वापरावें. कांहीं लोक भाग रात्रभर ब्रेक ऑइलमध्यें बुडवून ठेवितात. रंग सुटतो हें खरें, पण सकाळीं प्लास्टिक कोणत्या अवस्थेंत सांपडेल याचा भरंवसा नाहीं. डायक्लोरोमिथेन असलेलें रंग काढण्याचें द्रव्य एबीएस व पॉलिकार्बोनेट दोहोंसहि खातें, आणि बंद खोलींत त्याच्या वाफेनें माणसें मेलीं आहेत. अमेरिकेंत घरगुती ग्राहकांस त्याची अशी विक्री २०१९ सालीं बंद करण्यांत आली. तसेंच दोन डब्यांचा, म्हणजे कठीणकारक मिसळण्याचा रंग मुलांनीं हातीं घेऊं नये. त्यांतील आयसोसायनेटमुळें दमा जडतो, व तोंडावर बांधलेला रुमाल त्यास मुळींच अडवीत नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर त्या विद्यार्थ्यानें हळूच विचारलें कीं, गाडीच्या रंगास जुळावें म्हणून आपलें हेल्मेट थिनरनें पुसून रंगविलें तर चालेल काय? हेल्मेटचें कवच पुष्कळदां एबीएसचें किंवा पॉलिकार्बोनेटचें असतें, आणि आघात शोषणारें आंतलें अस्तर दाबलेल्या पॉलिस्टायरीनच्या फेसाचें, म्हणजे थर्मोकोलच्याच जातीचें असतें. मीं तोंडानें कांहीं न सांगतां खिडकी उघडली, कांचेच्या बशींत थोडें ॲसिटोन ओतलें व थर्मोकोलचा मुठीएवढा तुकडा त्यांत ठेवला. तुकडा फसफसत खचूं लागला, आणि थोड्याच वेळांत बशीच्या तळाशीं बोराएवढा चिकट गोळा तेवढा उरला. मुलानें तो कांचेच्या कांडीनें उचलून पाहिला, व हेल्मेट आहे त्याच रंगाचें राहूं देतों असें म्हणाला.