मोझांबिकची तूर, लातूरचा मोंढा

तुरीचे भाव पडले की लातूरच्या मोंढ्यात मोझांबिकच्या नावाने बोटे मोडली जातात. आम्हाला हे पटत नाही. ज्या पोर्तुगीजांनी १९६१ पर्यंत गोवा दाबून ठेवला, त्यांचीच ती १९७५ पर्यंत वसाहत होती. सालाझारच्या राजवटीत तिथल्या काळ्या शेतकऱ्याला सक्तीने कापूस पेरावा लागे, तोही पोर्तुगालच्या गिरण्यांसाठी! आज तो तूर पेरतो, मुख्यतः भारतासाठी. जुलै २०१६ मध्ये दिल्लीने त्याच्या देशाशी करार केला. २०२०-२१ पर्यंत आयात वर्षाला दोन लाख टनांवर न्यायची होती. २०२१ मध्ये आणखी पाच वर्षे मुदत वाढली. सक्ती गेली, पण कच्चा माल त्यांचा आणि भरडाई आपली, हा जुनाच धंदा नव्हे काय?

करार करताना ना तिथल्या शेतकऱ्याला कोणी विचारले, ना इथल्या. २०१७ च्या आरंभी हमीभाव होता ५,०५० रुपये. बाजारभाव त्याच्या खाली. नांदेड-लातूरचे शेतकरी खरेदी केंद्रांवर रांगेत, आणि केंद्रांवर बारदाना नाही. गायरान कसणाऱ्या आमच्या बांधवाला तर ती रांगही मिळाली नाही. केंद्रावर सातबारा मागत होते. त्याची तूर अडत्याने ठरवलेल्या भावात गेली.