तोंडाच्या कर्करोगांतील घरभेदी पेशी

दाढ काढली किंवा जीभ चावली गेली, तर तोंडांतील जखम थोड्याच दिवसांत भरून येते. हें काम करणाऱ्या कारागिरांत तंतुजनक पेशी प्रमुख होत. अस्तराखालच्या थरांत त्या विखुरलेल्या असतात. जखम होतांच त्या जाग्या होतात, कोलाजेन नांवाच्या प्रथिनाचे धागे विणतात, जखमेच्या कडा ओढून जवळ आणतात. आणि काम संपलें कीं बहुतेक नाहींशा होतात.

कर्करोगांत ही शेवटची पायरीच चुकते. गालाच्या किंवा जिभेच्या अस्तरांतील बिघडलेल्या पेशी टीजीएफ-बीटासारखीं द्रव्यें स्रवतात. दुरुस्तीची हांक समजून तंतुजनक पेशी धांवून येतात. परंतु हांक थांबत नाहीं, म्हणून कामही थांबत नाहीं. हॅरॉल्ड ड्व्होरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८६ सालीं अर्बुदांस न भरणाऱ्या जखमा म्हटलें, तें यथार्थच होय.

येथून पुढें रक्षकच घरभेदी बनतात. या पेशी वाढीस पोषक द्रव्यें पुरवितात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करतात, रोगप्रतिकारक पेशींस दूर ठेवतात आणि कोलाजेनच्या जाळ्यांतून वाटा पाडतात. २००७ सालीं लंडन येथील संशोधकांनीं प्रयोगशाळेंत पाहिलें, तों तंतुजनक पेशी पुढें आणि कर्कपेशी त्यांच्या मागोमाग त्याच वाटेनें जात होत्या! मुखाच्या अर्बुदांत अशा पेशींची गर्दी दाट असेल, तर रोग बहुधा अधिक आक्रमक असतो, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे.

मग या पेशी सरसकट मारून कां टाकूं नयेत? स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तसे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले; उंदीर बरे होण्याऐवजीं लवकर मेले. कांहीं तंतुजनक पेशी रोगास आवरूनही धरतात, असा त्याचा अर्थ. तेव्हां भेदी कोण व राखणदार कोण, हें ओळखणें हाच आजचा प्रश्न आहे.

सुपारी खाणाऱ्या समाजास या पेशींची ओळख असणें अगत्याचें आहे. सुपारी चघळण्याच्या सवयीनें याच पेशी गालाखालीं कोलाजेनचे कठीण पट्टे विणूं लागतात. तोंड पुरतें उघडेनासें होतें आणि पुढें तेथें कर्करोगाचें भय वाढतें. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञमंडळानें दिला व तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. सुपारीचा डबा मात्र घरोघरीं उघडाच आहे.

तोंडांतील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाहीं, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, अथवा घास घेण्यास तोंड अपुरें पडूं लागलें, तर घरगुती लेपांत दिवस घालवूं नयेत. डॉक्टरांस तत्काळ दाखवावें.