यकृतावरचा डाग कुणाचा?

मावळातली एखादी बाई स्तनाच्या कर्करोगातून बरी होते. काही वर्षांनी सीटी स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसतात. घरचे म्हणतात, जुनंच दुखणं उलटलं. दर वेळी तसं नसतं; कधी तो डाग मोठ्या आतड्यातल्या नव्या कर्करोगाचा असतो. मोठ्या आतड्याचं बहुतेक रक्त थेट यकृतात जातं, म्हणून तिथल्या गाठीच्या पेशी बहुधा आधी यकृतातच रुजतात. स्तनाचा कर्करोग हाडांत जास्त शिरतो. पण यकृतही सोडत नाही, गोची तिथेच आहे. पेट स्कॅनसाठी टोचलेल्या साखरेचा किरणोत्सार 110 मिनिटांत निम्मा होतो. ती भुकेल्या पेशी उजळवते, त्यांचं मूळ गाव मात्र सांगत नाही. ते कळतं सुईने काढलेल्या तुकड्यातून: सीडीएक्स-2 हे प्रथिन सापडलं तर संशय आतड्यावर, गाटा-3 सापडलं तर स्तनावर. दोन्हींची औषधं वेगळी. तेव्हा लोणावळ्याहून पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना जुनी फाइल आणि बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक सोबत न्या.