मतदार यादी आधी, मतदान नंतर : जालन्यातल्या मोहल्ल्यांसाठी थोडी कामाची माहिती

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ मतं पडली आणि कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक फक्त २९६ मतांचा. एका मतदान केंद्रावर साधारण हजारभर मतदार असतात. म्हणजे एका केंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही ही मतं नाहीत. जुन्या जालन्यातल्या दोन-तीन गल्ल्या म्हणा ना.

पुढे हे प्रकरण कोर्टात गेलं. २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी तीन वाजेपर्यंतच उमेदवारी अर्ज घ्यायचे होते आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले, असा दावा होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून आलं. पराभूत उमेदवारासोबत मतदारसंघातल्या एका साध्या मतदारानंही स्वतंत्र याचिका केली होती, हे फार लोकांना माहीत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. त्याला वर स्थगिती मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला १४ जुलै २०२० ला. अपील फेटाळलं गेलं. पण तोपर्यंत ती विधानसभा संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं की नाही, यासाठी आज देशभरातले वकील आपल्या जालन्याच्या या खटल्याचा दाखला देतात. मतदाराच्या हाती मात्र वेळेवर काहीच आलं नाही.

म्हणून निवडणुकीनंतर ओरड करण्यापेक्षा आधीचं काम महत्त्वाचं. आपल्याकडे 'मतदान करा' सांगणारे पुष्कळ. रिक्षावर भोंगा फिरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर येतं, कॉलेजची पोरं रॅली काढतात. चांगलंच आहे ते. पण मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रावरून परत येणाऱ्या माणसाला भोंग्याचा काय उपयोग? त्याचं नाव यादीतच नसतं. मोहल्ल्यात जे चार-पाच जण स्वयंसेवक म्हणून हे काम मनापासून करतात, त्यांचा खरा हंगाम निवडणूक जाहीर होण्याच्या आधी सहा महिने असतो. त्या वेळी कुणी फोटो काढायला येत नाही, तो भाग वेगळा.

आधी यादी कशी चालते ते समजून घेऊ. लोकसभा आणि विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. पण त्याची स्वतःची वेगळी यादी नसते. तो विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला उचलतो आणि प्रभागांमध्ये वाटतो. जालना महापालिकेची पहिली निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली, तिच्यासाठी यादी होती १ जुलै २०२५ ची. आता हिशोब करा. ज्याला ऑगस्ट २०२५ मध्ये १८ वर्षं पूर्ण झाली, तो जानेवारीत साडेअठरा वर्षांचा असूनही मत देऊ शकला नाही. ज्या घरानं 'निवडणूक जवळ आली की बघू' म्हटलं, त्यांचंही तेच झालं. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं असेल, लिहिण्यात चूक असेल किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीत गळालं असेल तरच. नवीन नाव तिथं घुसवता येत नाही.

नवीन नावासाठी नमुना ६. आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुला-मुलींना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या वर्गात जाऊन हे सांगितलं तरी अर्धं काम होतं. पत्ता बदलला, नाव चुकलं, फोटो चुकला, कार्ड हरवलं, तर नमुना ८. आणि नाव काढायचं किंवा नावावर हरकत घ्यायची तर नमुना ७.

आता आपल्या घरांमधली खरी अडचण. ती आहे नावांची, आणि ती इथं मराठवाड्यात जरा जास्तच आहे. आपल्याकडे माणूस 'शेख सलीम शेख रहीम' असतो. शाळेच्या दाखल्यावर तसं, आधारवर 'सलीम रहीम शेख', रेशनकार्डावर 'शे. सलीम शे. रहीम'. कुठं मोहम्मद, कुठं महंमद, कुठं नुसतं 'मो.' रजिया कधी रझिया होते, जरीना कधी झरीना. हमीदाबी, हमीदा बी, हमीदा बेगम, तिन्ही एकच बाई. ऑनलाइन शोधात नाव टाकलं की 'माहिती सापडली नाही' असं येतं आणि माणूस घाबरून नवीन अर्ज भरतो. मग एकाच माणसाची दोन नावं होतात, आणि दुबार नाव म्हणून तपासणीत दोन्हीवर प्रश्न उभा राहतो. यावर साधा उपाय : नावानं शोधू नका, मतदार ओळखपत्राच्या नंबरानं शोधा. नंबर नसेल तर आपल्या भागाची पूर्ण यादी उघडा आणि घर क्रमांकाप्रमाणे बोट ठेवून वाचा. तासभर लागेल, पण गल्लीतली निम्मी गडबड त्यातच दिसते. स्पेलिंगची चूक असेल तर नमुना ८ भरून आधारशी जुळवून घ्या. किरकोळ फरकावरून केंद्रावर मतदान नाकारू नये, अशा सूचना असतात. पण तिथं वाद घालण्यापेक्षा आधीच जुळवलेलं बरं.

दुसरी अडचण लेकी-सुनांची. लग्न होऊन पोरगी अंबडहून जालन्याला आली, नाव राहिलं अंबडच्या यादीत. सासरी नोंद झाली नाही, माहेरी जाऊन मत द्यायला कोण पाठवतं? कागदावर ती मतदार आहे, प्रत्यक्षात तिनं एकदाही मत दिलेलं नाही. अशा बायका जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतील. नमुना ८ मध्ये पत्ता बदलाचा एकच अर्ज पुरतो. जुनं नाव त्याच अर्जावर निघतं, नवीन लागतं. पण हे विचारायला घरात कुणी जायला हवं. बाहेरचा तरुण दारात उभा राहून 'भाभी, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे' विचारतो तेव्हा उत्तर मिळत नाही. मोहल्ल्यातली शिकलेली बाजी किंवा अंगणवाडीवाल्या आपा विचारतात तेव्हा मिळतं. स्वयंसेवकांच्या टीममध्ये बायका नसतील तर ते काम अर्धंच समजा. पर्दा करणाऱ्या बायकांची संख्या जास्त असलेल्या केंद्रावर ओळख पटवायला आणि शाई लावायला महिला कर्मचारी ठेवण्याची सूचना निवडणूक आयोगाचीच आहे. ती मागणी मतदानाच्या सकाळी नाही, आठ-दहा दिवस आधी तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी द्यावी.

हैदराबादचे खालिद सैफुल्लाह यांनी २०१८ मध्ये यादीत नसलेले मतदार शोधायला एक अ‍ॅप काढलं होतं. त्यामागची युक्ती मोबाइलशिवायही वापरता येते. यादीत ज्या घरात एकच मतदार दिसतो, तिथं आधी जा. एका घरात एकटाच सज्ञान माणूस राहतो असं आपल्या वस्तीत कितीदा असतं?

नमुना ७ बद्दल थोडं सविस्तर, कारण यात धोका आहे. शेजारच्या कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. अधिकाऱ्यांनी तपासले तेव्हा त्यातले फक्त २४ खरे निघाले. लोकांच्या नकळत त्यांच्या नावावर अर्ज भरले गेले होते. तपासणी झाली म्हणून ती नावं वाचली. नियम असा आहे की नाव काढण्याआधी मतदाराला नोटीस द्यावी लागते आणि जागेवर चौकशी करावी लागते. आलेल्या हरकतींची यादी नमुना १० मध्ये लावली जाते. ही यादी महिन्यातून एकदा कुणीतरी वाचायला हवी, बस. खोटी माहिती देऊन अर्ज केला तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव चुकीनं निघालंच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे, आणि त्यावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

पण याची दुसरी बाजूही बोलायला हवी. अब्बांचा इंतकाल होऊन सात वर्षं झाली तरी त्यांचं नाव यादीत तसंच आहे, कारण काढायला मन होत नाही. ते समजण्यासारखं आहे. पण त्याच नावावर दुसरं कुणी मत टाकून जाऊ शकतं, आणि मग बोट दाखवलं जातं आख्ख्या मोहल्ल्याकडे. मृत्यूचा दाखला जोडून नमुना ७ घरच्यांनीच भरावा.

जिल्ह्याचा भूगोलही लक्षात ठेवा. परतूर आणि घनसावंगी हे विधानसभा मतदारसंघ जिल्ह्यानं जालन्याचे, पण लोकसभेला परभणीत मोडतात. २०२४ मध्ये तिथं मतदान २६ एप्रिलला झालं आणि जालना लोकसभेचं १३ मेला. एकाच जिल्ह्यात दोन तारखा. जालन्याच्या कारखान्यात कामाला असलेला मंठ्याचा माणूस '१३ तारखेला बघू' म्हणत बसला तर त्याचं मतदान आधीच होऊन गेलेलं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात त्याच दिवसांत. मुकादमाशी दिवाळीआधीच बोलून ठेवणं हे स्वयंसेवकानंच करायचं काम आहे.

मत कुणाला द्यायचं हे मात्र स्वयंसेवकानं सांगू नये, अजिबात नाही. एकदा सांगितलं की तो कार्यकर्ता झाला, आणि पुढच्या वेळी निम्मी दारं बंद. कायद्याचंही भान हवं. धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट प्रथा ठरते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं हे आणखी स्पष्ट केलं. धार्मिक स्थळांचा राजकीय वापर रोखणारा १९८८ चा कायदाही आहे. जुम्यानंतर 'यादीत आपलं नाव तपासा' एवढं सांगणं वेगळं आणि 'अमक्याला द्या' म्हणणं वेगळं.

माहिती जरूर द्यावी. प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं : मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण, चालू खटले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क मिळाला. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. वाचताना फक्त खटल्यांची संख्या मोजू नका. मोर्चात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच तराजूत कसे बसतील? कलम काय आहे, दोषारोप निश्चित झालेत का, शिक्षा झाली आहे का, ते बघा. आणि कुणाला काय विचारायचं तेही कळायला हवं. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, नालीचं काय झालं, हा प्रश्न नगरसेवकाचा. खासदाराला तो विचारून तो 'हो बघतो' म्हणतो आणि आपण खूश होतो! महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असेल तर अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं. अनेक जण एक बटण दाबून निघायला बघतात. नमुना मतपत्रिका दाखवून हे आधी समजावलं तर केंद्रावरचा गोंधळ वाचतो.

मतदानाच्या दिवसासाठी तीन गोष्टी. घरी आलेली मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, कार्ड किंवा मान्य कागदपत्र सोबत हवंच. आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ते यंत्रात जात नाही, पाकिटात बंद राहतं, पण फरक थोडा असला तर कोर्टात तेच कामाला येतं. आणि उमेदवाराच्या गाडीतून मतदाराला फुकट नेणं-आणणं गुन्ह्यात मोडतं, म्हणून म्हाताऱ्या खाला-चाचांना नेण्याची सोय घरच्यांनीच करावी. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. नमुना १२ डी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरावा लागतो.

शेवटची गोष्ट जुन्या कागदांची. २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीची विशेष सखोल पडताळणी झाली. ७ कोटी ८९ लाखांची यादी शेवटी ७ कोटी ४२ लाखांवर आली. त्यानंतर १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत हेच काम निघालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, इथं स्थानिक निवडणुका होत्या. अशा पडताळणीत आपलं किंवा आई-वडिलांचं नाव २००२ ते २००४ च्या सुमाराच्या जुन्या यादीत दाखवावं लागतं. आपली बरीच घरं तेव्हा शहरात नव्हती, भोकरदन, जाफराबाद, बदनापूरकडच्या गावांत होती. घरातल्या मोठ्यांना आजच विचारून एका वहीत लिहून ठेवा : तेव्हा मत कुठल्या गावात देत होतात, केंद्र कुठल्या शाळेत होतं, यादीत नाव कसं लिहिलं होतं. मग जुन्या यादीत ते नाव शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक त्याच वहीत टिपून ठेवा.