दोन डब्यांची गोष्ट : प्रोटीन पावडर आणि जेवणाचा हिशोब

माझा मावसभाऊ काटोलकडचा. पोलीस भरतीच्या तयारीसाठी गेल्या वर्षी नागपुरात आला आणि मानेवाड्याला दोन मित्रांसोबत खोली करून राहतो. सकाळी मैदानावर रनिंग आणि गोळाफेक, संध्याकाळी जिम. दिवाळीनंतर भेटला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "ताई, वजन वाढूनच नाही राहिलं. उलट एक किलो कमी झालं. पावडर तं रोज घेऊन राहिलो मी."

"आणि जेवतोस काय?" मी विचारलं. तेव्हा खरी गोष्ट कळली. व्हे प्रोटीनचा एक किलोचा डबा त्याला २,८०० रुपयांना पडतो. मावशी महिन्याला पाठवते त्या पैशांत तो बसत नव्हता, म्हणून पठ्ठ्याने मेसचा रात्रीचा डबा बंद केला! "शेकमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन आहे नं ताई. डब्यात काय असते, वरण-पोळी!"

माझं पीएच.डी.चं काम डाळींमधल्या प्रथिनांच्या पचनावर आहे. त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलंच. पण त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. त्याच्या बॅचमधली निम्मी पोरं हेच करत असतील. म्हणून आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशोब आज तुमच्यासमोर मांडतेय.

आधी बंद केलेल्या डब्याचा हिशोब

मेसच्या एका डब्यात चार पोळ्या, वरण, भात आणि भाजी असते. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक धरली तर चार पोळ्यांत १३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं. वरणातून पाचेक ग्रॅम, भाताचे चारेक. म्हणजे एका डब्यात साधारण २२ ग्रॅम प्रोटीन आणि ७०० ते ७५० कॅलरी.

पाण्यात कालवलेल्या एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम १२० कॅलरी.

म्हणजे भावाने काय कमावलं? दोन ग्रॅम प्रोटीन. आणि काय गमावलं? दिवसाच्या सहाशेच्या आसपास कॅलरी. वजन का उतरलं, हे सांगायला यापुढे कुठल्या रिसर्चची गरज नाही. पण रिसर्च आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात व्यायामाचे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले. वजन उचलण्याचा व्यायाम चालू असतानाही दिवसाला साधारण ५०० कॅलरींची तूट पडली की चरबीविरहित वजन वाढणं थांबतं, असं त्यात दिसलं. ताकद काही प्रमाणात वाढत राहते, पण स्नायू वाढत नाहीत. घर बांधायला विटा आणून ठेवल्या आणि गवंड्यांची मजुरीच दिली नाही, तर भिंत कशी उभी राहणार? शरीराला ऊर्जा कमी पडली की ते प्रोटीनसुद्धा इंधन म्हणून जाळतं.

मग प्रोटीन लागतं तरी किती?

इथे दोन आकडे डोक्यात वेगळे ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. निरोगी माणसाला कमतरता पडू नये, यासाठीचा हा आकडा. स्नायू वाढवायला निघालेल्या माणसाचा आकडा वेगळा येतो.

त्यासाठी २०१८ सालचं एक विश्लेषण खूप वापरलं जातं. त्यात ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसं होती. सगळे वजन उचलण्याचा व्यायाम करणारे, काहींना वरून जास्तीचं प्रोटीन दिलेलं. दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवण्याचा फायदा दिसला. त्यापुढे सरासरीत काही हाती लागलं नाही.

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा जाहिरातीत कधी येत नाही. जास्तीच्या प्रोटीनमुळे चरबीविरहित वजनात पडलेला फरक सरासरी ०.३ किलो होता. होय, तीनशे ग्रॅम. बाकीची सगळी वाढ व्यायामाची होती.

भावाचं वजन ६० किलो. १.६ ने गुणलं की ९६ ग्रॅम. आता त्याचा जुना दिवस बघू, म्हणजे दोन्ही डबे चालू असतानाचा: सकाळी तर्री पोहा (तर्रीतल्या हरभऱ्यांसकट ८ ग्रॅम), दोन डबे (४४), दोनदा दुधाचा चहा (३). एकूण ५५. म्हणजे तूट ४० ग्रॅमची.

ही ४० ग्रॅमची तूट खरी आहे. "आपल्या जेवणात सगळं असतं" असं म्हणून ती झटकून टाकणंही चूक. प्रश्न एवढाच की ती भरायची कशाने.

चाळीस ग्रॅम कुठून आणायचे?

आमच्या गल्लीतल्या दुकानाचे भाव घेऊन एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढलं. तुमच्याकडे भाव थोडे वेगळे असतील.

- व्हे पावडर : ३० स्कूप गुणिले २४, म्हणजे ७२० ग्रॅम प्रोटीन २,८०० रुपयांत. ग्रॅमला जवळपास ४ रुपये.
- दूध : अर्ध्या लिटरमध्ये १६ ग्रॅम. ग्रॅमला २ रुपये.
- अंडी : एका अंड्यात ६ ग्रॅम. ग्रॅमला सव्वा रुपया.
- फुटाणे : १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम. ग्रॅमला १ रुपया.
- सोयाबीन वडी : १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५२ ग्रॅम. ग्रॅमला पन्नास पैसे.

५० ग्रॅम सोयाबीन वडी (२६), मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे (१०) आणि एक ग्लास दूध (८) : झाले ४४ ग्रॅम. वर कॅलरीही आल्या. गंमत म्हणजे मावशीच्या शेतात सोयाबीनच असतं. तेल काढून उरलेल्या पिठाची ही वडी बनते. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून पोरगा व्हे विकत घेत होता!

दोन सूचना. कच्चं सोयाबीन खाऊ नका, त्यात प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात आणि ते शिजवल्यावर निकामी होतात. आणि वाटीभर मोड आलेल्या मुगाला "प्रोटीनचा खजिना" समजू नका. त्यात पाणीच जास्त असतं.

पण व्हेचा दर्जा वरचा असतो ना?

असतो. ते मी नाकारत नाही. पनीर करताना हिरवट पाणी निथळतं ना, तसंच पाणी चीजच्या कारखान्यांत निघतं. ते गाळून, आटवून, वाळवून व्हे पावडर बनते. ती लवकर पचते आणि तिच्यात ल्युसीन भरपूर असतं. स्नायूंची बांधणी सुरू करण्याचा इशारा देणारं हे अमिनो आम्ल.

डाळी इथे थोड्या मागे पडतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अशा मोजमापांचं चांगलं काम झालंय. उकडलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रोटीन अंगी लागतं, अख्ख्या कडधान्यांचं त्याहून बरंच कमी. साल काढली की मुगाचं पचन सुधारतं. शिवाय गव्हात लायसीन कमी आणि डाळीत भरपूर, तर डाळीत मेथिओनिन कमी आणि गव्हात बरं. म्हणून वरण-पोळी ही जोडी म्हणून मोजायची.

पण दर्जाचा हा फरक पुरेसं खाल्ल्यावर किती उरतो? ब्राझीलमध्ये २०२१ साली १९ शुद्ध शाकाहारी (दूधही न घेणारे) आणि १९ मिश्राहारी तरुणांना १२ आठवडे व्यायाम करायला लावला. दोघांचं प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमवर आणलं, एका गटाला सोया देऊन, दुसऱ्याला व्हे देऊन. स्नायू आणि ताकद दोन्हींत सारखीच वाढ झाली. (तिथे सोयाही पावडरच्या रूपात होतं, हे लक्षात असू द्या.)

उलट बाजूचाही एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१७ साली दहा तरुणांना व्यायामानंतर १८ ग्रॅम प्रोटीन दिलं, एकदा अख्ख्या अंड्यांतून, एकदा फक्त पांढऱ्यातून. अख्ख्या अंड्यांनंतर स्नायूंची बांधणी जास्त झाली. हे काही तासांचं मोजमाप आहे, महिन्यांचं नाही. तरी पिवळं फेकण्याआधी विचार करा.

आणि तो "जिमनंतर अर्ध्या तासात शेक घेतलाच पाहिजे" नियम? २०१३ च्या एका विश्लेषणात दिवसाचं एकूण प्रोटीन सारखं धरल्यावर वेळेचा फायदा दिसेनासा झाला. धावत खोलीवर जायची गरज नाही.

मग पावडर कोणी घ्यावी?

ज्याचं वजन ८५-९० किलो आहे, जो शाकाहारी आहे आणि ज्याला चरबी वाढू द्यायची नाही, त्याला १४० ग्रॅम प्रोटीन नुसत्या डाळ-पोळीतून जमणं अवघड. डाळीत २२ टक्के प्रोटीनसोबत ६० टक्के पिष्टही येतं. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात व्यायामानंतर घास उतरत नसेल, तरी शेक सोयीचा पडतो. मात्र तो जेवणाच्या सोबतीला, जेवणाच्या जागी नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळाच, असा सल्ला आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, आणि १४ टक्क्यांच्या आसपास डब्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. त्यामुळे घ्यायचीच असेल तर सील, बिल आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक बघून घ्या. खुली पुडी कोणाकडूनही नको. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, मग ते पावडरचं असो की वडीचं.

भावाने रात्रीचा डबा पुन्हा सुरू केला. पावडर संपल्यावर नवीन आणली नाही. दोन महिन्यांत वजन दीड किलोने वाढलं. एका माणसाचं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "पुरावा राहू दे ताई, पोट तं भरून राहिलं."

तुम्हीही आज एकदा कागद घ्या. वजन गुणिले १.६ लिहा, खाली काल दिवसभर जे खाल्लं ते लिहा. वजाबाकी केल्यावरच ठरवा, दुकानात जायचं की स्वयंपाकघरात.