धूर पकडायचा, खर्च कोणाचा?

धुराड्यातून सुटणारा कार्बन वायू पकडून जमिनीखाली साठवायचा किंवा त्यापासून दुसरा माल बनवायचा, असे हे तंत्र आहे. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धी व रसायन उद्योगांसाठी २०२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांकरिता २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. समर्थक म्हणतात, सिमेंटचा बराचसा वायू चुनखडी भाजतानाच निघतो. कोळसा सोडूनही तो थांबणार नाही. विरोधक म्हणतात, हे यंत्र स्वतःच वीज खाते आणि कोळशाचे आयुष्य वाढवते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पुंडलिकनगरातल्या शिलाईवाल्याने मात्र एकच हिशेब मागावा: सरकारी मदत संपल्यावर हा खर्च विजेच्या बिलात येणार का?