शाळेचा आकडा आणि आकड्यामागची मुलं

इकडे बे एरियात भाड्याचं घर शोधायला निघालं की मराठी मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "शाळेचं रेटिंग किती?" घराच्या जाहिरातीखालीच दहापैकी एक आकडा दिलेला असतो. नऊ-दहा असेल तर भाडं चढं, चार-पाच दिसला की लोक पुढचं घर बघतात. सरकारी शाळा इथे पत्त्यावरून मिळते. डोनेशन नाही, मुलाखत नाही. ज्या हद्दीत घर, त्या हद्दीतली शाळा. म्हणजे फी आपण भरतोच, फक्त ती घरभाड्यात मिसळलेली असते.

मुलीचं सहावीचं वर्ष जवळ आलं तेव्हा हा विषय आमच्याही घरात निघाला. आमच्या हद्दीतल्या मिडल स्कूलला पाच, पलीकडच्या गावातल्या शाळेला नऊ. मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी, तीनच वर्षं. पण हायस्कूलमध्ये कोणतं गणित घेता येणार हे बरंचसं इथेच ठरतं. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, "पैशाकडे बघू नका गं, शाळा चांगली हवी." नवरा म्हणाला, "आधी हा पाच आला कुठून ते तर बघू."

बघणं अवघड नाही. इथे तिसरी ते आठवी दर वर्षी राज्याची गणित आणि इंग्लिशची परीक्षा होते आणि प्रत्येक सरकारी शाळेचा निकाल राज्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला असतो. २००२ साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यापासून नुसती सरासरी सांगून शाळेची सुटका होत नाही. वंश, घरची गरिबी, अपंगत्व, नव्याने इंग्लिश शिकणारी मुलं असे गट पाडून निकाल द्यावा लागतो. २०१५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, पण ही गटवारी कायम राहिली.

आम्ही दोन्ही शाळांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. आमच्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली, बरीचशी स्पॅनिश बोलणारी. पलीकडे बहुतेक घरांत आई-वडील दोघंही इंजिनिअर. सरासरीत मोठी तफावत होती. पण एकेक गट वेगळा काढून पाहिला तर फरक फारच थोडा उरला. पाच आणि नऊ यांतलं बरंचसं अंतर शिकवण्याचं नव्हतं, तिथे कोण शिकतं याचं होतं.

हे काही आमचं संशोधन नव्हे. १९६६ मध्येच जेम्स कोलमन यांच्या गाजलेल्या अहवालाने दाखवलं होतं की मुलांच्या गुणांवर शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीची छाप जास्त पडते. मग चांगली शाळा ओळखायची कशी? मुलं वर्षागणिक किती पुढे गेली ते बघून. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी २००९ ते २०१४ चे निकाल तपासले. शिकागोच्या सरकारी शाळांत बहुसंख्य मुलं गरीब घरांतली, तिसरीतले गुण देशाच्या सरासरीच्या बरेच खाली. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती मुलं सहा वर्षांइतकं शिकली होती. नुसती सरासरी पाहणाऱ्याला हे कधी दिसलंच नसतं.

तक्त्यातले काही रकाने आपल्या लोकांनी जरा जपूनच वाचावेत. ‘इंग्लिश लर्नर’ गटाचा निकाल नेहमीच कमी दिसतो. कारण उघड आहे. मूल इंग्लिशमध्ये तयार झालं की कालांतराने त्या गटातून बाहेर पडतं आणि त्या जागी नवं, कच्चं इंग्लिश असलेलं मूल येतं. या गटाच्या भीतीने काही मराठी पालक प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहितात. खरं तर मराठी लिहिली तर मुलाची एक इंग्लिश चाचणी होते, एवढंच. ती पार पडली की विषय संपला. ‘एशियन’ रकान्याचंही तसंच. कॉम्प्युटरवाल्या भारतीयांची मुलं आणि निर्वासित म्हणून आलेल्या कंबोडियन घरांतली मुलं, दोघांची सरासरी एकच.

आम्ही घर बदललं नाही. लेक आता सातवीत आहे. सगळं छान आहे असं मात्र नाही. शाळा तक्त्यावर सरमिसळ दिसते, पण तिच्या वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात जवळजवळ सगळी भारतीय आणि चिनी मुलं, आणि डब्याच्या वेळची टेबलंही वेगवेगळी. एका छपराखाली दोन शाळा चालाव्यात तसं वाटतं. सहावीच्या सुरुवातीची एक चाचणी हे सारं ठरवते आणि त्या चाचणीची तयारी आपण क्लास लावून करून घेतो. मुलांची वाटणी फक्त शाळा करत नाही, आपणही करतो. पालकांच्या बैठकीत हा प्रश्न मी मांडला. चर्चा झाली, उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुम्ही घर शोधत असाल तर एवढं नक्की करा. यंदाच्या आठवीचा निकाल घ्या, त्याच मुलांचा गेल्या वर्षीचा सातवीचा आणि त्याआधीचा सहावीचा घ्या. टक्केवारी चढत गेली असेल तर शिक्षक काम करताहेत असं समजायला हरकत नाही, रेटिंग पाच का असेना. नऊची शाळा तिन्ही वर्षं जागच्या जागी असेल तर वाढीव भाडं कशासाठी भरतोय ते स्वतःला विचारा. मग मधल्या सुट्टीत एकदा शाळेत जाऊन या. कोण कोणाबरोबर बसून डबा खातंय, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.